भाऊचं घाणीघर

माहा भाऊ रुपराव पुरता तेलीही राह्यला नाही अन् पुरता गवंडीही झाला नाही. जन्म तेल्याच्या घरचा, पण जीव सारा मातीच्या भिंतीत. हुडकेश्वरले आमची बैलघाणी होती. पहिले बाप चालवे, बाप गेल्यावर भाऊ चालवे. पण उमरेड रोडच्या चाळीस गावांत त्याचं नाव होतं ते घाणीघरं बांधण्यापायी. कोणाले नवी घाणी बसवायची असली की बंडी जुपून माणूस आमच्या दारात हजर, 'रुपरावले पाठवा.' आता हुडकेश्वरात ले-आउट पडून राहिले, सिमेंटची घरं उठून राहिली, अन् माह्याच पोरांले घाणी म्हणजे काय हे जमिनीवर रेघा मारून दाखवावं लागते. म्हणून पहिले घरच सांगते. घर समजलं नाही तं भाऊ समजणार नाही, अन् मी काय केलं तेही समजणार नाही.

घाणीघर उलटं बांधतात. पहिले घाणी, मंग घर. चिंचेचा पुरुषभर लांब बुंधा आणायचा, वरून पोखरून त्याचं उखळ करायचं अन् तीनातले दोन हिस्से जमिनीत गाडायचं. त्यात लाट, म्हणजे जाड लाकडी मुसळ, उभी करायची, लाटेले आडवा पाट, पाटाले बैल. बैल फिरते, लाट फिरते, दाणे चेंगरतात, तेल सुटते. यंत्र एवढंच. पण त्याच्या भोवती भिंत कुठं घालायची, हे सांगणारा आमच्या भागात एकच माणूस होता.

भाऊ माप घेत नव्हता. ज्याची घाणी त्याचाच बैल आणायले लावायचा, तो जुपायचा, अर्धा दिवस फिरवायचा अन् स्वतः बिडी ओढत बसायचा. लोक चिडवायचे, "काय गा रुपराव, काम करून राहिला का तमाशा पाहून राहिला?" हा म्हणे, "थांब गा, बैल सांगून राहिला." दुपारी उठायचा, खुरांच्या गोलापासून एक हात सोडून राखेनं रेघ मारायचा. भिंत तिथंच. बैल लांब अंगाचा असला तं घर मोठं, बुटका असला तं लहान. बाहेरून घर चौकोनी, आतून गोल. त्यापायी चारी कोपऱ्यांत भिंत बम जाड व्हायची, अन् त्या जाडीत भाऊ कोनाडे कोरायचा. एकात दिवा, एकात तेलाचे गडू, एकात बैलाचं सामान, अन् चौथ्यात चिंध्या.

हा चौथा कोनाडा भाऊच्या डोक्यातला. घाणा निघाला की उखळ सुती फडक्यानं पुसून काढावं लागते. फडकं तेलानं चिंब होते. ते कोणी फेकत नाही, पुढच्या घाण्याले कामी येते. पण तेलाच्या चिंधीले उंदीर लागतात. म्हणून भाऊनं कोनाड्याले सागाचं दार बसवलं, खालून हवेपुरती बारीक फट ठेवली, वरून लाकडी खिट्टी. चिंध्या कोंबा, खिट्टी लावा, उंदराचा बाप येत नाही. लोकांले हे एवढं आवडलं की घर सांगायले आले की कोनाडा पहिले सांगायचे. भाऊले त्याचा गर्व होता. असावाच ना! शाळेचं तोंड न पाह्यलेल्या माणसाचं काहीतरी चाळीस गावांत मिरवून राहिलं होतं.

वरती बांबू अन् मातीचे कवेलू. झरोका एकच, वीतभर, अंगणाच्या बाजूनं. तेलात धूळ नको, अन् बैलानं बाहेरचं पाहून बिचकाले नको. म्हणून भरदुपारीही आत दिवा लावावा लागे. बाहेर ऊन माणसाले भाजून काढे, अन् आत हातभर भिंतींमुळे थंडगार अंधार. आमचा बैल चांद्या दुपारचा आतच बांधलेला राहायचा, सावलीत. कपाळावर पांढरा चांद, म्हणून चांद्या. गळ्यात पितळेची घंटी.

आता वयनीचं सांगते. नाव पंचफुला, माहेर भिवापूर. भिवापूरची म्हणून मिरचीचा तोरा भारी. आमच्या घरची भाजी खाऊन म्हणे, "माय, हे तिखट आहे का कुंकू टाकलं?" हसायची तं वेशीपर्यंत ऐकू जायचं. घाणीत दाणे टाकायचं, हलवायचं काम तिचं. दिवसभर चांद्याशी बोलत राहायची, जसं काही तो हुंकार देऊन राहिला. दार ठेंगणं, म्हणून भाऊले चिडवायची, "बैल वाकत नाही, तुम्हीच तेवढे वाकता." भाऊ कधी परगावी घर बांधून आला की अंगणात पाय ठेवताच पहिला आवाज तिले द्यायचा. पहिले तो आवाज मले राहायचा.

मले ती आवडत नव्हती, सांगून टाकते. काही वाईट नव्हती. चांगली होती, तेच खुपत होतं. मायचं तिच्याशिवाय पान हलत नव्हतं. माहं लग्न होऊन सासर सक्करदऱ्याले, अन् माहेरी आली की मी पाहुणी. माहेरात पाहुणी होणं काय असते हे बाईमाणसाले सांगावं लागत नाही.

चौसष्ट साली वैशाखात मी पहिलटकरीण बाळंतपणाले आली. नववा चालू होता. आमच्या घाणीत तसे तीळ अन् शेंगदाणेच जास्त यायचे. पण त्या वर्षी जवस गंज पिकला. पंधरा दिवस नुसता जवस. घरभर त्या तेलाचा वास, चिंध्या जवसाच्या तेलानं निथळत, अन् ऊन असं की ओसरीवर पाय ठेववत नव्हता.

त्या दिवशी दुपारचा घाणा निघाला. भाऊ हातपाय धुवून मागच्या पडवीत जेवायले बसला, माय वाढायले. वयनी सगळ्यांच्या मागून घाणीघरातून निघाली, दाराची बाहेरून कडी लावली, चूल पाहायले गेली. मी ओसरीवर बाजेवर पडली होती. समोर घाणीघर, समोरच झरोका.

थोड्या वेळानं मले झरोक्यात उजेड दिसला. पिवळा, हलता. मले वाटलं, वयनीनं दिवा तसाच ठेवला. आतून चांद्याची घंटी वाजत होती. मले वाटलं, माश्या हाकलून राहिला असंन. मी पडून राह्यली.

मंग कवेलू फुटल्यासारखा आवाज झाला अन् छपरातून धूर निघाला. भाऊ उष्ट्या हातानं धावला. कडी तापलेली, ती काढता काढता त्याच्या हाताची कातडी निघाली. दार उघडलं अन् आतून आगीचा लोळच बाहेर आला. ढेपीच्या, म्हणजे पेंडीच्या, गोण्या होत्या आत, बांबू होते, तेल होतं. चांद्या डोळ्यांवर झापड अन् गळ्यात दावं, तसाच होता. शेजारपाजारचे घागरी घेऊन आले तोवर छप्पर बसलं. त्या जनावराचं ओरडणं मी सांगत नाही. सांगवत नाही मले.

संध्याकाळी अंगणात सगळे जमले. माय कपाळ बडवून राहिली होती. कोणीतरी विचारलं, आग लागली कशी? अन् मी बोलली. कोणी मले विचारलं नव्हतं.

"वयनी दिवा ठेवून आली. मी झरोक्यातून पाह्यला. वयनी बाहेर आल्यावरही जळून राहिला होता."

वयनी माह्याकडे पाहतच राह्यली. मंग भाऊकडे वळली. "मी विझवला. आपण दिवा तोंडानं फुंकतो का? चिमटीनं वात दाबली मी. हे पाहा, बोटाले काजळी." अन् बोट पुढे केलं. खरंच काजळी होती, फोडही होता. माय म्हणाली, "काजळी तं लावतानाही लागते." झालं. पुढे केलेलं बोट तसंच राह्यलं, कोणी पाह्यलं नाही.

भाऊनं पाहाले पाहिजे होतं. बोट नाही तं नाही, भिंत तरी! दुसऱ्या दिवशी राख निवल्यावर तो आत गेला होता. दिव्याच्या कोनाड्यात जुनीच काजळी होती, माती कच्चीची कच्ची. अन् चिंध्यांच्या कोनाड्यातली माती भाजून विटेसारखी लाल झाली होती, वीतभर आतपर्यंत. आग तिथून निघाली हे भिंत ओरडून सांगून राहिली होती, अन् पाहणारा कोण, तं भिंतीची नस ओळखणारा रुपराव! त्यानं पाह्यलं, अन् मनाशी म्हटलं, तेलाच्या चिंध्या आहेत, जास्त जळल्या असतीन. हे त्यानं मले पुढं कधीतरी सांगतलं. माणसाले जे मानायचं असते ते तो मानते.

आमच्यात तेव्हा एक रीत होती. ज्याच्या हातून, ज्याच्या चुकीनं बैल मरे, त्यानं त्याच बैलाचं दावं गळ्यात घालून, तोंडानं न बोलता, पाच गावची भीक मागायची. मंगच त्याच्या हातचं पाणी चाले. मायनं दावं आणायले लावलं. अर्धं जळलेलं. वयनी मागं सरकली. "जे मी केलं नाही, त्याचं दावं मी गळ्यात घालणार नाही. जीव गेला तरी नाही." माय म्हणे, "तं मंग माह्या चुलीपाशी येऊ नको." तीन दिवस वयनी अंगणात बसून राह्यली. कोणी पाणी दिलं तं प्यायची, नाही तं नाही. वाट पाहून राहिली होती भाऊची, की तो एवढंच म्हणन, पंचफुलानं विझवला असंन. तो हाताले पट्ट्या बांधून भिंतीकडे तोंड करून पडला होता. चौथ्या दिवशी त्यानंच तिले एस्टीत बसवून दिलं. गाडी निघताना ती म्हणाली, "तुम्ही मले न्यायले याल. तुम्हाले समजन." 

त्यानंतर भाऊनं एकही घाणीघर बांधलं नाही. मायनं दुसरं लग्न करायले खूप डोकं खाल्लं, ऐकलं नाही. दोन वर्षांनी माय गेली. मंग तो माह्या घरापासून हाकेच्या अंतरावर खोली करून राह्यला अन् धरमपेठेत बंगल्यांच्या कामावर जायले लागला. विटा-सिमेंट. म्हणे, "या भिंतीले काही विचारावं लागत नाही, दोरी लावली की झाली." बोलायचा कमी, जेवायचा कमी. वयनीचं नाव त्यानं कधी काढलं नाही, अन् मीही नाही. माही मुलगी चौदा वर्षांची होत आली. तिच्या वाढदिवसाले मले दरवर्षी ती आगच आठवे, पण मी कोणाले बोलली नाही.

अठ्ठ्याहत्तर साली चैत्रात धरमपेठेच्या एका बंगल्यात फर्निचरच्या पॉलिशचं काम चालू होतं. पॉलिशवाला केशव, बोलका माणूस. जेवणाच्या सुट्टीत भाऊनं पाह्यलं, तं हा आपल्या पुसायच्या चिंध्या एकेक करून तारेवर वाळत घालून राहिला. भाऊ इतक्या वर्षांत कधी नाही तो हसला. "काय गा केशव, चिंध्यांचं लगन आहे का? मांडव घालून राहिला!"

केशव म्हणे, "हसू नका काका. जवसाचं तेल आहे हे. याच्या चिंध्या गोळा करून कोंबून ठेवल्या तर आतल्या आत तापतात, अन् आपोआप पेटतात. काडी लागत नाही. मागच्या उन्हाळ्यात माह्या मालकाची खोली गेली अशीच."

भाऊ म्हणे, "कायले फेकून राहिला गा? तेलाच्या चिंध्या कोनाड्यात ठेवण्यात माही हयात गेली."

"कोणतं तेल?"

"तीळ. शेंगदाणा."

"ते नाही पेटत. जवस पेटते."

भाऊ तसाच उठला. थापी तिथंच टाकली, हजेरी सोडली, धरमपेठेपासून सक्करदऱ्यापर्यंत पायी चालत आला. मले काही सांगतलं नाही. बाजारातून जवसाचं तेल आणलं, जुन्या धोतराच्या चिंध्या केल्या, तेलात बुडवून पिळल्या, मडक्यात कोंबल्या, झाकण ठेवलं अन् खोलीच्या मागं उन्हात ठेवून समोर बसला. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. काही नाही. मले वाटलं, याच्या डोक्यावर ऊन चढलं. तिसऱ्या दिवशी मी त्याचा डबा घेऊन गेली, तं म्हणे, "इंदू, वास येऊन राहिला का वं तुले?" वास येत होता. करपट, घशात बसणारा. त्यानं झाकण उचललं. आतून धूर आला, अन् वारा लागताच भक्कन जाळ झाला.

पिवळा, हलता.

तो उजेड मी ओळखला. चौदा वर्षं मी ज्याले दिवा म्हणत होती तो उजेड हाच होता. माह्या हातातून डबा पडला. मी म्हटलं, "भाऊ, मी दिवा नव्हता पाह्यला. मी आग पाह्यली." तो खाली बसला अन् डोक्यावर माती ओढून घेतल्यासारखा दोन्ही हात डोक्यावर घेऊन रडला. "माहा कोनाडा! माहाच कोनाडा होता वं इंदू! तिनं बोट दाखवलं अन् मी पाह्यलं नाही!" पुरुष माणसाचं असं रडणं मी पहिले कधी ऐकलं नव्हतं. पुढचे चार दिवस तो गावोगाव फिरला. त्यानं बांधलेली जी घाणीघरं उभी होती, त्यांच्या चिंध्यांच्या कोनाड्यांची दारं पहारीनं उखडून आला. लोक म्हणत, रुपराव बिघडला. मंग पाचव्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून माह्या दारात उभा. "चाल भिवापूरले. तुले यावंच लागन."

वयनीच्या भावाच्या घरी आम्हाले आत या कोणी म्हटलं नाही. तिची भावजय दारातूनच म्हणाली, "सातऱ्यावर गेली." सातरा म्हणजे मिरचीचं पटांगण. शेतातली मिरची आणून पसरतात अन् बाया दिवसभर बसून देठ खुडतात. आम्ही गेलो तं शंभरेक बाया, सगळीकडे लाल, अन् खोकल्याशिवाय दुसरा आवाज नाही. मी वयनीले ओळखली नाही. तिनं मले ओळखलं.

"इंदूबाई, अंगानं भरल्या तुम्ही," म्हणाली. मंग मागं भाऊले पाह्यलं अन् पदर डोक्यावर घेतला. हात थांबले नाहीत.

भाऊ तिच्या समोर जमिनीवर बसला. दोघांच्या मधात मिरचीचा ढीग. एवढ्या वर्षांचं त्यानं एका दमात सांगतलं. कोनाडा, जवस, केशव, मडकं, भाजलेली माती. शेवटी म्हणाला, "तू दिवा विझवला होता पंचफुला. तुही काही चूक नव्हती. मी तुले न्यायले आलो."

ती ऐकून घेत होती, देठ खुडत होती. मंग म्हणाली, "आता या वयात कायले खोटं बोलता? दिवा मीच ठेवला होता."

"नाही वं! मी डोळ्यांनी पाह्यलं, चिंध्या पेटतात!"

"पेटत असतीन. पण मले आठवते ना. वात जळत होती, अन् मी कडी लावून बाहेर आली. मले दिसते रोज."

भाऊ माह्याकडे पाहायले लागला. 

"पहिले दोन वर्षं मी सगळ्यांले सांगत होती, मी विझवला म्हणून," वयनी म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजीत मीठ किती टाकलं हे सांगावं तसा. "रोज गाडी आली की फाट्यावर जाऊन पाहायची. तुम्ही आले नाही. म्हटलं, हा माणूस भिंतीवरून हात फिरवून सांगते, ही कोणत्या बाजूनं पडन. याले समजलं नसंन का? समजलं असंन, म्हणूनच येत नाही. मंग मी आठवून पाह्यलं. खूप आठवलं. तं मले दिवा जळताना दिसायले लागला. पाचव्या वर्षी मी घरातलंच एक दावं घेतलं, गळ्यात घातलं अन् पाच गावं फिरली. एकटीच. पोट्टे गोटे मारत होते. पण त्यानंतर झोप यायले लागली मले."

भाऊनं मिरचीच्या ढिगावर डोकं टेकवलं. बाया खुडायच्या थांबल्या. वयनी त्याले उठा म्हणे, डोळ्यांत जाईन म्हणे, पण हात लावला नाही.

तेव्हा मी बोलली. बोलावंच लागलं. "वयनी, त्याच्यावर विश्वास नाही तं माह्यावर ठेव. दिवा पाह्यला म्हणून मीच सांगतलं होतं ना? तो दिवा नव्हता. तू गेल्यावर गंज वेळानं दिसला तो उजेड. पहिले झरोका काळा होता, मी समोरच होती. मी आग पाह्यली वयनी. मले समजलं नाही."

पहिल्यांदा तिचे हात थांबले. ती माह्याकडे पाहत राह्यली. मले वाटलं, शिव्या देईन. द्याव्या असं वाटत होतं.

"झरोका काळा होता?"

"हाव."

"मंग उजेड आला?"

"हाव."

"बाई, तेव्हा चांद्या जिता होता?"

मले घंटी आठवली. मी खोटं बोलू शकत होती. पण तिच्या तोंडाकडे पाहून नाही बोलता आलं.

"हाव. घंटी वाजून राहिली होती."

 मंग तिचा खालचा ओठ लहान पोरीसारखा थरथरला. "मंग सांगायले नाही पाहिजे होतं वं मले," म्हणाली. "इतके दिवस चांद्या मेला होता. फिटलं होतं माहं त्याचं. आता तं रोज वाटन, तो वाचला असता."

अन् रडली. मिरचीचे हात डोळ्यांले लावता येत नव्हते, म्हणून तशीच मान वर करून रडली. शेजारच्या बाईनं पदरानं तिचे डोळे पुसले. भाऊ म्हणाला, "घरी चाल पंचफुला." ती म्हणाली, "कोणत्या घरी?"  घाणीघराची जागा त्यानं केव्हाचीच सोडली होती, अन् सक्करदऱ्यातल्या खोलीत एक बाज अन् एक मडकं होतं. तिनं नाक ओढलं, म्हणाली, "सांजेपर्यंत एवढा ढीग व्हायचा आहे," अन् देठ खुडायले लागली. आम्ही उभे राह्यलो, मंग निघालो.

परतीच्या एस्टीत गर्दी नव्हती. भाऊचे डोळे मिरचीनं सुजले होते. उमरेड मागं पडलं. मंग खिडकीतून बाहेर पाहतच म्हणाला, "इंदू, तुले उजेड दिसला, घंटी ऐकू आली. तू मले आवाज काहून नाही दिला वं? दिवा आहे असंच वाटलं असंन, तरी म्हणायचं, भाऊ, दिवा जळून राहिला. मी उठलो असतो ना."

चौदा वर्षांत त्यानं मले हे पहिल्यांदा विचारलं. उत्तर मले पाठ होतं. त्या दुपारी बाजेवर पडल्या पडल्या मी झरोक्याकडे पाहून मनात म्हटलं होतं, जळू दे. तेल जळू दे वाया. जेवण झाल्यावर भाऊले दाखवीन, तुही लाडाची बायको कशी काम करते ते. भाऊनं तिले एकदा तरी माह्यासमोर बोलावं, एवढ्यासाठी मी तो उजेड राखून ठेवला होता. घंटी जोरानं वाजायले लागली, तरी मी उठली नाही.

"पोटात कळ आली होती भाऊ," मी म्हटलं. "उठताच नाही आलं."

त्यानं माह्याकडे पाह्यलं. मंग त्या जळक्या कातडीचा हात माह्या डोक्यावर ठेवला. "तुहं काय चुकलं त्यात," म्हणाला. "भरल्या पोटाची बाई तू." त्यानंतर तो चार वर्षं जगला, अन् शेवटपर्यंत त्यानं माहं बोलणं खरं मानलं.